सिस्टरची सही

नालासोपारा स्टेशनच्या पूर्वेला उतरून तुळिंज रस्त्याला लागले की सकाळी आठ-साडेआठच्या सुमारास एक उलटा प्रवाह दिसतो. सारे गाव चर्चगेटची गाडी पकडायला स्टेशनकडे धावत असते आणि त्या लोंढ्यातून अंग चोरत काही बायका घराकडे परतत असतात. डोळे तारवटलेले, खांद्याला पिशवी, पिशवीत रिकामा डबा. मुंबईच्या इस्पितळांत रात्रपाळी करून आलेल्या या नर्सेस. कुणी रत्नागिरीकडची, कुणी विदर्भातली, कुणी केरळातली, कुणी वसईच्याच ख्रिस्ती घरातली. आमच्या इमारतीत अशा तिघी राहतात. सोसायटीत कुणाला रात्री धाप लागली, कुणा आजोबांची साखर एकदम उतरली, की पहिली बेल त्यांच्या दारावर वाजते. डॉक्टरला फोन त्यानंतर जातो, आणि तोही बहुधा 'सिस्टर काय म्हणतात' हे विचारूनच.

या बायकांच्या शिक्षणाविषयी आज लिहायचे आहे. आणि तेही पदवीनंतरच्या शिक्षणाविषयी. रविवारच्या चहाबरोबर वाचायला हा विषय जरा रुक्ष वाटेल. पण ज्यांच्या घरात म्हातारे माणूस आहे, किंवा ज्यांना स्वतःला एक दिवस म्हातारे व्हायचे आहे, त्यांनी थोडा धीर धरावा. आपल्यापैकी बहुतेकांची एखादी तरी रात्र नर्सच्या हवाली जाणार आहे. त्या रात्री तिला किती येते, आणि जे येते ते करण्याची तिला मुभा किती, हा प्रश्न मुळीच रुक्ष वाटत नाही.

आधी शिडी समजून घेऊ. दोन वर्षांचा एएनएम, तीन वर्षांचा जीएनएम, चार वर्षांची बी.एस्सी. नर्सिंग. त्यापुढे दोन वर्षांची एम.एस्सी. आणि ज्यांना जमेल त्यांना पीएच.डी. एम.एस्सी.च्या पाच शाखा आहेत : औषधोपचार व शस्त्रक्रिया, प्रसूती, बालआरोग्य, मानसिक आरोग्य आणि सामाजिक आरोग्य. कागदावर शिडी झकास दिसते. पण ती चढून गेलेली मुलगी कुठे पोहोचते, हे पाहिले म्हणजे खरी गंमत कळते. ती पोहोचते वर्गात. एम.एस्सी. झालेल्या बहुतेक मुली नर्सिंगच्या कॉलेजात पाठ्यनिर्देशिका किंवा अधिव्याख्याता होतात, कारण त्या पदवीला साजेसे पद आणि पगार तिथेच आहे. इस्पितळात राहायचे म्हटले तर जीएनएम झालेल्या मैत्रिणीशेजारी, त्याच खाटांवर, जवळजवळ त्याच अधिकारात काम करायचे. दोन वर्षे घासून वाचलेले सारे कपाटात ठेवायचे.

डॉक्टरचे नेमके उलट असते. एमबीबीएसचा एम.डी. झाला, एम.डी.चा डी.एम. झाला, की तो अधिक गंभीर रुग्णाच्या अधिक जवळ जातो. नर्स मात्र जितकी शिकते तितकी खाटेपासून लांब जाते. ज्या शिक्षणाचा फायदा रुग्णाला व्हायचा, तेच शिक्षण त्याच्या उशाशी असलेली उत्तम नर्स उचलून नेते. आपल्या परिचर्या शिक्षणाचे मूळ दुखणे हे आहे.

याला इतिहास आहे. आपल्याकडे रुग्णसेवा ही पुण्याची आणि त्यागाची गोष्ट मानली गेली. १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीबाई फुले रोग्यांची सेवा करता करता गेल्या, हे स्मरण महाराष्ट्राला सदैव वंदनीय आहे. पुढे रमाबाई रानडे यांच्या पुणे सेवासदनाने ससून रुग्णालयाच्या मदतीने पांढरपेशा घरांतल्या स्त्रियांना नर्सिंगच्या शिक्षणाला पाठवले, तेव्हा समाजाने नाके मुरडली. परपुरुषाच्या अंगाला हात लावायचा, रात्र घराबाहेर काढायची, हे कुलीन स्त्रीचे काम कसे? ते टोमणे गिळून त्या बायका उभ्या राहिल्या. पण 'सेवा' हा शब्द त्यांच्या पदराला चिकटला तो चिकटलाच. सेवेला आपण हात जोडतो. तिला अधिकार द्यावा, असे मात्र आपल्याला सुचत नाही.

१९४६ साली भोर समितीने हिशेब मांडला तेव्हा देशात ४३ हजार माणसांमागे एक नर्स होती. तेव्हा पहिली गरज होती ती संख्येची. आणि संख्या वाढवायची तर शिकवणाऱ्या हव्यात. त्याच वर्षी दिल्ली आणि वेल्लोर येथे पदवीचे शिक्षण सुरू झाले. मुंबईत १९६४ साली एसएनडीटी विद्यापीठाचे लीलाबाई ठाकरसी परिचर्या महाविद्यालय निघाले. पदव्युत्तर शिक्षण दिल्लीत साठच्या दशकाच्या उंबरठ्यावर आले. शिक्षिका घडवणे हा त्या शिक्षणाचा हेतू होता आणि त्या काळी तो योग्यच होता. आज देशातल्या नोंदवह्यांत ३३ लाखांहून अधिक परिचारिकांची नावे आहेत. २०२३ साली केंद्राने वैद्यकीय महाविद्यालयांच्या जोडीने १५७ नवी नर्सिंग कॉलेजे काढायला १५७० कोटी रुपये मंजूर केले. संख्येची काळजी सरकार घेते आहे. पण शिकलेल्या नर्सला रुग्णाजवळ कसे ठेवायचे, या प्रश्नाला इतक्या तडफेने कुणी हात घातलेला नाही.

अगदीच घातला नाही असेही म्हणता येणार नाही. इंडियन नर्सिंग कौन्सिल आणि केंद्रीय आरोग्य मंत्रालय यांनी २०१६-१७ च्या सुमारास 'नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअर' हा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आणला. मराठीत 'अतिदक्षता परिचर्या तज्ज्ञ' म्हणू या. डॉक्टरांच्या रेसिडेन्सीसारखी याची घडण आहे. बी.एस्सी. होऊन निदान वर्षभर वॉर्डात काम केलेली नर्स इस्पितळातच राबत शिकते. पुस्तकाचा भाग थोडा, बाकी सारा वेळ खाटेजवळ. आजारात शरीरात काय बिघडते त्याचे शास्त्र, औषधांचे शास्त्र आणि रुग्णाची तपासणी हे गाभ्याचे विषय. छातीला स्टेथोस्कोप लावून जे ऐकू येते त्याचा अर्थ लावायचा, रक्तातल्या वायूंचा अहवाल वाचून व्हेंटिलेटरच्या बाबतीत काय करावे हे ठरवायचे, आणि इस्पितळाने आधीच लिहून मान्य केलेल्या नियमावलीच्या चौकटीत उपचार सुरू करायचे. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने अशा परिचारिकांचा स्वतंत्र संवर्ग असावा असे म्हटले. प्रसूतीच्या बाबतीत २०१८ साली केंद्राने दीड वर्षाचे खास प्रशिक्षण आखले; तेलंगण सरकारने तर हैदराबादच्या फर्नांडिस हॉस्पिटलच्या मदतीने २०१७ सालीच त्याची सुरुवात केली होती.

मग अडले कुठे? अडले सहीवर. दोन वर्षे घासून ही मुलगी बाहेर पडते. राज्याच्या नोंदवहीत तिच्या नावापुढे जादा अर्हता चढते. पण आपल्या औषधविषयक नियमांप्रमाणे 'शेड्यूल एच'मधले औषध द्यायचे तर चिठ्ठी लागते ती नोंदणीकृत डॉक्टरची. तिला तो स्वतंत्र अधिकार नाही. इस्पितळांच्या आस्थापनेवर तिच्यासाठी वेगळे पद क्वचितच असते. पद नाही म्हणून वेतनश्रेणी नाही. वेतनश्रेणी नाही म्हणून कोर्सला गर्दी नाही. गर्दी नाही म्हणून पद काढण्याची निकड नाही. सरकारी फायलीत असे चक्र एकदा सुरू झाले की ते कुणाच्या हाताने थांबते हे मी नोकरीत पुष्कळ पाहिले आहे. बहुधा कुणाच्याच नाही.

सही नसण्याची किंमत काय, ते सांगतो. काही वर्षांपूर्वी माझी थोरली बहीण मूत्रमार्गाच्या संसर्गाने एका खासगी इस्पितळाच्या अतिदक्षता विभागात होती. वय त्र्याहत्तर. मी बाहेरच्या बाकावर बसलो होतो. रात्री दोनच्या सुमारास सिस्टर दार ढकलून बाहेर आली आणि हळूच म्हणाली, "काका, आजींना दोन तासांत लघवी झालेली नाही. प्रेशर उतरतंय. बोलणंही असंबद्ध झालंय. मी डॉक्टरांना फोन लावलाय." दोन मजल्यांना मिळून एकच डॉक्टर होते आणि ते वरच्या मजल्यावर दुसऱ्या अत्यवस्थ रुग्णापाशी अडकले होते. मोठ्या डॉक्टरांचा फोन लागत नव्हता. सिस्टरने चार वेळा प्रयत्न केला. पावणेचारला डॉक्टर धावत आले. त्यांनी भराभर सलाइन सोडले, अँटिबायोटिक बदलले, प्रेशर टिकवण्याचे औषध सुरू केले. जे केले ते योग्यच केले.

सकाळी पाळी संपवून निघताना ती सिस्टर माझ्याजवळ थांबली. म्हणाली, "हे सगळं करावं लागणार हे मला दोन वाजताच कळलं होतं, काका. ट्रे भरून ठेवला होता. पण ऑर्डर लिहिणारी मी नाही ना."

संसर्ग रक्तात पसरून प्रेशर उतरू लागले की पहिला तास मोलाचा, असे जगभरचे वैद्यक सांगते. अक्का वाचली, पण तिची मूत्रपिंडे पूर्ववत झाली नाहीत. पुढे दीड वर्ष ती डायलिसिसवर जगली. पावणेदोन तास आधी उपचार झाले असते तर काय झाले असते, हे कुणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही. त्या डॉक्टरला मी दोष देत नाही. एका माणसाला दोन मजले दिले की तो एकाच मजल्यावर असणार. मला अस्वस्थ करतो तो भरून ठेवलेला ट्रे. ज्ञान होते, हात होते, औषध होते. एवढ्यावर सारे अडून राहिले, कारण सही नव्हती.

मी आयुष्यभर बँकेत सह्या केल्या. त्यामुळे सहीचे शास्त्र मला थोडेफार कळते. जुन्या काळी आमच्या बँकेत स्पेशल असिस्टंट नावाचे एक पद असे. हा माणूस संवर्गाने कारकूनच. पण ठरावीक रकमेपर्यंतचा चेक तो स्वतःच्या सहीने पास करी आणि त्यासाठी त्याला वेगळा भत्ता मिळे. त्यापुढची रक्कम अधिकाऱ्याकडे. अधिकाऱ्यालाही कर्ज मंजुरीची मर्यादा; ती ओलांडली की प्रकरण शाखाधिकाऱ्याकडे, तिथून विभागीय कार्यालयाकडे. प्रत्येक सहीचा नमुना नोंदवलेला. प्रत्येक सहीमागे इन्स्पेक्शन आणि ऑडिट. चुकलो तर खुलासा द्यायचा आणि प्रसंगी वसुली सोसायची. शिवाय 'सीएआयआयबी'ची परीक्षा उत्तीर्ण झालेल्या कारकुनाला बढती मिळो न मिळो, जादा वेतनवाढी मिळत. बँकेला एवढे शहाणपण होते की शिकलेल्या माणसाला काहीतरी द्यावे लागते, नाहीतर पुढची पिढी शिकायचीच नाही.

कारकुनाला सही दिली म्हणून बँका बुडाल्या नाहीत. उलट प्रत्येक चेक मॅनेजरकडे गेला असता तर काउंटरपुढची रांग रस्त्यावर आली असती. अधिकार पायरीपायरीने वाटायचा, वाटलेला लिहून ठेवायचा, लिहिलेला तपासायचा. पैशाच्या बाबतीत जे आपण शंभर वर्षे बिनबोभाट करत आलो, ते प्राणाच्या बाबतीत करायला का कचरतो? प्राण पैशापेक्षा मोलाचा म्हणून, असे उत्तर येईल. मग अक्काच्या खाटेजवळची ती पावणेदोन तासांची रांग कशी चालली?

यातली खरी विसंगती आणखी पुढे आहे. खेड्यातल्या उपकेंद्रात दोन वर्षांचे शिक्षण घेतलेल्या एएनएमला आपण पुष्कळ काही करू देतो. गर्भवतीला झटके येऊ लागले तर मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस ती देते. नवजात बाळाला जंतुसंसर्गाची लक्षणे दिसली तर पुढे पाठवण्यापूर्वी जेंटामायसिनचे इंजेक्शन द्यायला सरकारनेच तिला मुभा दिली आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी तर गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवले. १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा अहवाल आला, तेव्हा तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचे जगाने पाहिले. म्हणजे जिथे डॉक्टर नाही तिथे कमी शिकलेल्या बाईवर आपण विश्वास टाकतो आणि तो सार्थ ठरतो. जिथे वरच्या मजल्यावर का होईना डॉक्टर आहे, तिथे चार आणि वर दोन अशी सहा वर्षे शिकलेल्या बाईने ट्रे भरून वाट पाहायची. ही मनाई ज्ञानाच्या हिशेबाने झालेली नाही. ती हद्दीच्या हिशेबाने झालेली आहे.

नर्सच्या विवेकावर विसंबायला आपले सर्वोच्च न्यायालयही कचरले नव्हते. अरुणा शानबाग यांची कहाणी मराठी वाचकाला नव्याने सांगायला नको. १९७३ पासून २०१५ पर्यंत, ४२ वर्षे, केईएमच्या परिचारिकांनी आपल्या या सहकारिणीला सांभाळले. दयामरणाच्या अर्जावर निकाल देताना २०११ साली न्यायालयाने म्हटले की, तिच्या वतीने बोलण्याचा हक्क केईएमच्या कर्मचाऱ्यांचाच आहे, कारण तिचे खरे जिवलग तेच. इतकी वर्षे अंथरुणाला खिळलेल्या देहावर जखमा होऊ न देणे हे नुसत्या मायेचे काम नाही. त्यात कुशीवर केव्हा वळवायचे, काय भरवायचे, कोणता बदल धोक्याचा, हे सारे शास्त्र आहे. आपण त्या मायेचे गोडवे गायलो आणि शास्त्राचे नाव घ्यायला विसरलो.

जगात हा प्रश्न साठ वर्षांपूर्वी उभा राहिला. अमेरिकेत कोलोरॅडो विद्यापीठात १९६५ साली लोरेटा फोर्ड या परिचारिकेने आणि हेन्री सिल्व्हर या बालरोगतज्ज्ञाने मिळून पहिला 'नर्स प्रॅक्टिशनर' अभ्यासक्रम सुरू केला. निमित्त आपल्यासारखेच होते : गरीब वस्त्या, खेडी, आणि तिथे जायला डॉक्टर नाहीत. आज त्या देशात असे लाखो परिचारक-परिचारिका आहेत, पदव्युत्तर शिक्षणाशिवाय तो परवाना मिळत नाही, आणि जवळजवळ निम्म्या राज्यांत त्या डॉक्टरच्या देखरेखीशिवाय औषध लिहून देतात. लोरेटाबाई २०२५ च्या जानेवारीत १०४ वर्षांच्या होऊन निवर्तल्या. आपण लावलेल्या रोपाचा वृक्ष झालेला त्यांनी पाहिला.

पण त्याच देशातली दुसरी गोष्ट अधिक बोधप्रद आहे. ड्यूक विद्यापीठात पन्नासच्या दशकाच्या अखेरीस डॉ. यूजीन स्टेड आणि थेल्मा इंगल्स या परिचारिकेने खाटेजवळच्या प्रगत कामाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आखला. त्याला मान्यता नाकारली ती डॉक्टरांनी नव्हे, परिचारिकांच्याच राष्ट्रीय संस्थेने. वैद्यकीय कामे नर्सने का करावीत, असा त्यांचा आक्षेप. स्टेड यांनी मग नर्सेसचा नाद सोडला आणि सैन्यातून परतलेल्या वैद्यकीय मदतनिसांना हाताशी धरून १९६५ मध्ये 'फिजिशियन असिस्टंट' हा वेगळाच पेशा उभा केला. ज्या जागेवर परिचारिका बसायची, तिथे दुसरे येऊन बसले. आपल्याकडच्या नर्सिंग क्षेत्रातल्या धुरिणांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी. दार उघडायला उशीर केला की पाहुणा शेजारच्या घरात जातो.

डॉक्टरांच्या संघटनांचा आक्षेप ठाऊक आहे. २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यक आयोग कायद्यात मधल्या फळीतल्या आरोग्यसेवकांना मर्यादित परवाना देण्याचे कलम आले, तेव्हा देशभरचे डॉक्टर रस्त्यावर उतरले. त्यांचे म्हणणे असे, की श्रीमंतांना डॉक्टर आणि गरिबांना अर्धा डॉक्टर अशी विभागणी होईल. हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही. पण आमच्या नालासोपाऱ्यात येऊन पाहावे. बोगस डॉक्टरांवर कारवाई झाल्याच्या बातम्या इथे नवीन नाहीत. चाळीत ताप आला की गरीब माणूस एम.डी. आणि नर्स यांतून निवड करत नाही. तो निवडतो ते जवळचा कुणीतरी पाटीवाला आणि काहीच नाही यांतून. शिवाय शिकलेल्या नर्सची प्रत खरोखर दुय्यम असते का, हेही तपासून झाले आहे. न्यूयॉर्कमध्ये तेराशेहून अधिक रुग्णांना चिठ्ठ्या टाकल्यासारखे डॉक्टर आणि नर्स प्रॅक्टिशनर यांच्यात वाटून दिले आणि सहा महिन्यांनी त्यांची प्रकृती तपासली. दोन्हींकडचे रुग्ण सारखेच आढळले. २००० साली हा अभ्यास अमेरिकन डॉक्टरांच्या संघटनेच्याच नियतकालिकात छापून आला.

माझी धास्ती वेगळीच आहे. उद्या कायदा झाला तर खासगी इस्पितळे या मुलींना 'स्वस्तातला रात्रीचा डॉक्टर' म्हणून वापरतील. जबाबदारी डॉक्टरची, पगार नर्सचा, आणि काही बिघडले तर नोटीसही तिलाच. दुसरी धास्ती कॉलेजांची. शिक्षणाचा धंदा ज्यांनी केला ते याही पदवीचे दुकान मांडतील. तपासणीच्या दिवशी भाड्याने आणलेले रुग्ण आणि उसने प्राध्यापक दाखवून चालणारा कोर्स अतिदक्षता विभागात कसा चालेल? तिथे चूक झाली तर ती खोडरबराने पुसता येत नाही. म्हणून हे शिक्षण जिथे खऱ्या खाटा आणि खरी गर्दी आहे अशा सरकारी, महापालिकेच्या आणि मोठ्या धर्मादाय इस्पितळांतच द्यावे, आणि शिकवणाऱ्या प्राध्यापिकेने आठवड्यातले निदान काही दिवस स्वतः वॉर्डात काम केलेले असावे. पोहायला शिकवणाऱ्याने अधूनमधून पाण्यात उतरायला हरकत नसावी.

याची सुरुवात कुठे करायची, असे विचाराल तर मी आमच्या पालघर जिल्ह्याकडे बोट दाखवीन. २०१४ साली ठाण्यातून हा जिल्हा वेगळा झाला. एका टोकाला वसई-विरारची दाटीवाटी, दुसऱ्या टोकाला जव्हार-मोखाड्याचे डोंगर. १९९२-९३ साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत कुपोषणाने बालके दगावली तेव्हा सारा महाराष्ट्र हळहळला होता. आजही तिकडची अडलेली बाळंतीण नाशिकला किंवा सिल्वासाला पाठवली जाते आणि वाटेतला घाट तिच्या नशिबाचा फैसला करतो. अशा ठिकाणी प्रसूतीचे प्रगत शिक्षण घेतलेली, कायद्याने अधिकार मिळालेली आणि त्या अधिकाराचा पगार घेणारी परिचारिका चोवीस तास असणे हा काही चैनीचा विचार नव्हे. आणि तुळिंजचे महापालिकेचे रुग्णालय असो की इथली छोटी खासगी इस्पितळे, रात्री दोननंतर आमची स्थितीही मोखाड्याहून फार निराळी नसते.

तेव्हा क्रम महत्त्वाचा आहे. आजवर आपण आधी कोर्स काढला आणि पद नंतर पाहू म्हटले. तो क्रम उलटा करायला हवा. आधी सरकारी आस्थापनेवर पद आणि वेतनश्रेणी. मग बँकेतल्यासारखी लेखी मर्यादा : कोणती औषधे, कोणत्या अवस्थेत, किती, आणि कोणत्या क्षणी डॉक्टरला बोलावलेच पाहिजे. मग दर महिन्याला तिच्या निर्णयांची तपासणी. आणि मग जागा भरण्यापुरतेच विद्यार्थी. १९४७ च्या जुन्या कायद्याच्या जागी संसदेने २०२३ मध्ये राष्ट्रीय परिचर्या व प्रसविका आयोगाचा कायदा केला आहे. नव्या आयोगाने पहिल्या काही कामांत हे एक घ्यावे. महाराष्ट्राने वाट पाहत बसण्याचेही कारण नाही. तेलंगण थांबले नव्हते.

आमच्या इमारतीतल्या तिघींपैकी सर्वांत हुशार मुलगी सध्या इंग्लंडच्या नोकरीच्या परीक्षेचा अभ्यास करते आहे. तिथे २००६ पासून पुढचे शिक्षण घेतलेल्या नर्सला स्वतःच्या सहीने औषध लिहिता येते. मी तिला म्हटले, "पगारासाठी चाललीस ना?" ती म्हणाली, "पगार तर आहेच, काका. पण तिथे शिकलं तर शिकलेलं करू देतात." तिचे आईवडील इथेच राहणार आहेत. दोघेही सत्तरीच्या घरातले. त्यांच्या उशाशी त्या रात्री कोण असेल आणि तिच्या हाती किती अधिकार असेल, याचे उत्तर मुलीने नव्हे, आपण द्यायचे आहे.